हेल काउंटी (अलाबामा) येथील संरक्षित ऐतिहासिक वास्तू व स्थळे

हेल काउंटी ही अमेरिकेच्या अलाबामा राज्याच्या पश्चिम-मध्य भागातील एक ग्रामीण काउंटी आहे. ग्रीन्सबरो हे तिचे मुख्य ठिकाण असून २०२० च्या जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या १४,७८५ होती. मध्ययुगीन काळातील मूलनिवासींच्या मातीच्या टेकड्या, यादवी युद्धापूर्वीच्या कापूस-मळेवाल्यांची निवासस्थाने, गुलाम कारागिरांनी उभारलेले लाकडी चर्च आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या शाळा अशा परस्परांपासून फार वेगळ्या वास्तू या काउंटीतून ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाल्या आहेत. त्यांपैकी माउंडव्हिल येथील पुरातत्त्वीय स्थळ आणि प्रेरीव्हिल येथील सेंट अँड्र्यूज चर्च या दोहोंना ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’ हा वरचा दर्जा आहे. काउंटीतील बहुसंख्य लोक ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ती घरे मात्र या नोंदवहीत जवळजवळ आढळत नाहीत.

पार्श्वभूमी

हेल काउंटीचा दक्षिण भाग ‘ब्लॅक बेल्ट’ या पट्ट्यात मोडतो. हे नाव मुळात तेथील काळ्या, चुनखडीयुक्त, सुपीक मातीवरून पडले. पुढे याच मातीवर कापसाचे मळे उभे राहिले, मळ्यांवर गुलामांची प्रचंड संख्या आणली गेली आणि नावाला लोकसंख्येचाही अर्थ चिकटला. आजही काउंटीतील निम्म्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय आहेत. उत्तरेकडील भाग टेकड्यांचा व पाइनच्या जंगलाचा असून तेथे टॅलाडेगा राष्ट्रीय वनाचा काही भाग येतो. पश्चिमेच्या बाजूने ब्लॅक वॉरियर नदी वाहते.

काउंटीची स्थापना ३० जानेवारी १८६७ रोजी, म्हणजे यादवी युद्ध संपल्यानंतर दोन वर्षांनी, ग्रीन, मरेंगो, पेरी व टस्कलूसा या शेजारच्या काउंट्यांचे भाग तोडून झाली. त्यामुळे येथील बहुतेक जुन्या वास्तू काउंटीपेक्षाही जुन्या आहेत आणि तत्कालीन कागदपत्रांत त्या ग्रीन किंवा मरेंगो काउंटीत असल्याचे आढळते. काउंटीला स्टीफन फाउलर हेल यांचे नाव देण्यात आले. हेल हे अलाबामातर्फे केंटकी राज्याकडे पाठवलेले फुटीर पक्षाचे प्रतिनिधी होते. २७ डिसेंबर १८६० रोजी त्यांनी केंटकीच्या गव्हर्नरांना लिहिलेल्या पत्रात गुलामगिरीच्या रक्षणासाठी संघराज्यातून बाहेर पडणे आवश्यक असल्याचे उघडपणे मांडले होते. १८६२ मध्ये युद्धात झालेल्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला.

‘संरक्षित’ या शब्दाची मर्यादा

भारतात राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झालेल्या स्मारकाला कायद्याचे थेट संरक्षण मिळते आणि त्याच्या सभोवतालच्या बांधकामावरही निर्बंध येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीचे स्वरूप तसे नाही. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याने ही नोंदवही स्थापन झाली व ती नॅशनल पार्क सर्व्हिसकडे सोपवण्यात आली. नोंद झालेली खासगी वास्तू मालकाने स्वतःच्या पैशाने पाडायची ठरवली, तर केवळ नोंदीच्या आधारे त्याला रोखता येत नाही. संघीय सरकारचा पैसा, परवाना किंवा प्रकल्प आड येत असेल, तेव्हाच वास्तूवर होणाऱ्या परिणामाचा विचार करणे संबंधित खात्याला बंधनकारक ठरते. कायद्यातील या तरतुदीला तिच्या क्रमांकावरून ‘कलम १०६’ म्हणून ओळखले जाते. तिच्यानुसार राज्याच्या जतन अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करावी लागते, मात्र प्रकल्प थांबवण्याचा अधिकार या तरतुदीतून कोणालाही मिळत नाही.

नोंदीचा दुसरा लाभ आर्थिक आहे. नोंद झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या दुरुस्तीखर्चावर २० टक्के संघीय करसवलत मिळू शकते. दुकान, भाड्याचे घर किंवा हॉटेल यांना ती उपयोगी पडते. राहते घर, बंद पडलेली शाळा किंवा ओस पडलेले चर्च यांच्या वाट्याला ती येत नाही. हेल काउंटीसारख्या ठिकाणी ही अट बरीच महत्त्वाची ठरते, कारण येथील नोंद झालेल्या वास्तूंपैकी अनेक याच दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

नोंदीसाठी वास्तू साधारणपणे ५० वर्षांहून जुनी असावी लागते आणि तिला इतिहास, व्यक्ती, वास्तुकला किंवा पुरातत्त्वीय माहिती यांपैकी एका कसोटीवर महत्त्व असावे लागते. याखेरीज वास्तूचे ‘मूळपण’ शाबूत असावे लागते. जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, जुन्या काळाचा प्रत्यय आणि घटनेशी वा व्यक्तीशी असलेला संबंध अशा सात अंगांनी ते तपासले जाते. ही अट शास्त्रीयदृष्ट्या योग्य असली, तरी तिचा परिणाम समान होत नाही. भाजलेल्या विटांचे, दगडी पायाचे आणि पैसे असलेल्या कुटुंबाकडे राहिलेले घर दीडशे वर्षांनंतरही मूळ रूपात सापडते. दगडांच्या किंवा लाकडी ठोकळ्यांच्या टेकूंवर उभी केलेली पाइनच्या फळ्यांची खोली सापडत नाही.

लँडमार्क हा दर्जा नोंदवहीपेक्षा जुना असून १९३५ च्या ऐतिहासिक स्थळे कायद्यातून तो निर्माण झाला. राष्ट्रव्यापी महत्त्वाच्या मोजक्या स्थळांनाच तो मिळतो. अलाबामा राज्याची स्वतःची निराळी यादीही आहे. ती अलाबामा हिस्टॉरिकल कमिशन ही राज्यसंस्था सांभाळते.

माउंडव्हिल

काउंटीच्या उत्तर टोकाला, ब्लॅक वॉरियर नदीच्या उंच काठावर माउंडव्हिलचे पुरातत्त्वीय स्थळ आहे. साधारण इ. स. १००० ते १४५० या काळात येथे मिसिसिपीयन संस्कृतीचे मोठे केंद्र होते. इलिनॉय राज्यातील कहोकियाच्या खालोखाल हे त्या संस्कृतीचे सर्वांत मोठे केंद्र मानले जाते. मक्याच्या शेतीवर जगणाऱ्या या समाजाने मधोमध एक विस्तीर्ण चौक राखून त्याच्या कडेने सपाट माथ्याच्या मातीच्या टेकड्या रचल्या. आज त्यांपैकी २९ टेकड्या ओळखता येतात. सर्वांत उंच टेकडी सुमारे १८ मीटर उंचीची आहे. यंत्रे, चाक आणि ओझ्याची जनावरे यांपैकी काहीही हाताशी नसताना ही सारी माती टोपल्यांतून वाहून आणण्यात आली. तीन बाजूंनी लाकडी खांबांचा तट होता व चौथ्या बाजूला नदीचा कडा होता.

टेकड्यांच्या मांडणीत एक क्रम दिसतो. उत्तरेकडील टेकड्या मोठ्या असून दक्षिणेकडे जाताना त्या लहान होत जातात, आणि चौकाच्या दोन्ही बाजूंना त्यांची जोडी साधारणपणे जुळते. प्रत्येक टेकडी एकेका कुळाची असावी आणि चौकातील जागा त्या कुळाचा समाजातील मान दाखवत असावी, असे अनुमान पुरातत्त्वज्ञ व्हर्नन जेम्स नाइट यांनी मांडले आहे. इ. स. १३०० नंतर बहुतेक रहिवासी आसपासच्या खोऱ्यात पांगले. त्यानंतरच्या काळात येथे थोडी श्रेष्ठ कुटुंबे उरली आणि हे स्थळ प्रामुख्याने विधींचे व दफनाचे ठिकाण बनले. खोऱ्यातील लोक आपल्या मृतांना येथे आणून पुरत असत. या स्थळाचा पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीशी जोडलेला आहे.

१९०५ व १९०६ मध्ये फिलाडेल्फियाचे क्लॅरेन्स ब्लूमफिल्ड मूर आपल्या ‘गोफर’ या वाफेच्या बोटीतून नदीमार्गे येथे आले व त्यांनी मोठ्या प्रमाणावर उत्खनन केले. मूर यांनी आपले निष्कर्ष तपशीलवार प्रसिद्ध केले, हे त्या काळच्या मानाने उल्लेखनीय आहे; पण सापडलेल्या वस्तू राज्याबाहेर गेल्या. त्यातून निर्माण झालेल्या नाराजीनंतर अलाबामाने १९१५ मध्ये पुरावस्तू राज्याबाहेर नेण्यास मनाई करणारा कायदा केला.

पुढे अलाबामा नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे संचालक वॉल्टर बी. जोन्स यांनी जागा टप्प्याटप्प्याने विकत घेण्यासाठी प्रयत्न केले. त्यासाठी त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवल्याचे सांगितले जाते. महामंदीच्या काळात ‘सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर’ या सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी येथे रस्ते, इमारती आणि धूप होऊन खचलेल्या टेकड्यांची डागडुजी अशी कामे केली. १९३९ मध्ये येथे संग्रहालय उघडले. ज्या मार्गाने आज अभ्यागतांची मोटार टेकड्यांभोवती फिरते, त्या रस्त्यासाठीही आधी उत्खनन करावे लागले होते. १९६४ मध्ये स्थळाला लँडमार्क दर्जा मिळाला व दोन वर्षांनी नवी नोंदवही सुरू होताच ते आपोआप तिच्यात समाविष्ट झाले. अलाबामा विद्यापीठाच्या व्यवस्थापनाखालील हे उद्यान ३२६ एकरांचे आहे.

येथील मातीची भांडी आणि कोरीव दगडी वस्तू प्रसिद्ध आहेत. तळहाताच्या मध्यभागी डोळा ही आकृती त्यांवर वारंवार दिसते. गुंतलेल्या दोन सर्पांमध्ये हीच आकृती कोरलेली ‘रॅटलस्नेक डिस्क’ ही दगडी तबकडी त्यांत सर्वाधिक परिचित आहे. १९८० मध्ये माउंडव्हिल येथील भांडारातून २६४ भांडी चोरीस गेली. त्यांपैकी तीन भांडी २०१८ मध्ये परत मिळाली. उरलेल्यांचा शोध सुरूच राहिला. लँडमार्क दर्जा जमिनीला आणि तीवरील रचनांना असतो, कोठीत ठेवलेल्या भांड्यांना नव्हे, ही बाब या घटनेने ठळक केली.

त्याहून मोठा प्रश्न मानवी अवशेषांचा होता. विसाव्या शतकातील उत्खननांत हजारो दफने उकरली गेली व ते सांगाडे विद्यापीठाच्या ताब्यात राहिले. मूलनिवासींच्या दफनांविषयीचा संघीय कायदा १९९० मध्ये झाला. त्यानुसार कोणत्याही विद्यमान जमातीशी सांस्कृतिक नाते सिद्ध झाल्यास अवशेष परत करावे लागतात. माउंडव्हिलच्या बाबतीत ते नाते निश्चित होत नाही, असे दीर्घकाळ धरले गेले. चोक्टॉ, चिकासॉ, मस्कोगी, सेमिनोल आदी मस्कोगी भाषाकुलातील सात जमातींनी एकत्र येऊन हा दावा मांडला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये या कायद्याखालील पुनर्विलोकन समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. प्रश्न सुमारे ५,९०० व्यक्तींच्या अवशेषांचा होता. यांतील बहुतेक जमातींचे पूर्वज १८३० च्या दशकात सक्तीने मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले गेले होते. आज त्यांची मुख्य ठिकाणे ओक्लाहोमा, लुइझियाना व फ्लोरिडा येथे आहेत. हेल काउंटीतील या सर्वांत जुन्या स्थळाचे वारसदार अशा रीतीने काउंटीत राहत नाहीत.

ग्रीन्सबरो आणि मळेवाल्यांची घरे

ग्रीन्सबरोचा जुना भाग १९७६ मध्ये ‘ऐतिहासिक विभाग’ म्हणून नोंदवला गेला. अशा विभागात प्रत्येक इमारतीची स्वतंत्र नोंद न होता, विभागाच्या स्वरूपाला हातभार लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या अशी इमारतींची वर्गवारी केली जाते. यादवी युद्धापूर्वीची इतकी घरे एका छोट्या गावात टिकण्यामागे जतनाच्या जाणिवेइतकेच युद्धोत्तर काळातील आर्थिक उतरणीचे कारण दिले जाते: जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच गावात फिरत नव्हता.

गावातील सर्वांत परिचित वास्तू म्हणजे मॅग्नोलिया ग्रोव्ह. कापूस-मळेवाले आयझॅक क्रूम यांनी १८४० च्या सुमारास बांधलेले, पुढे उंच स्तंभांची ओसरी असलेले हे घर ग्रीक पुनरुज्जीवन शैलीचे ठळक उदाहरण आहे. नौदल अधिकारी रिचमंड पीअरसन हॉब्सन यांचा जन्म १८७० मध्ये येथे झाला. १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात क्यूबातील सँतियागो बंदराचे तोंड अडवून स्पॅनिश आरमार कोंडण्यासाठी त्यांनी ‘मेरिमॅक’ हे कोळशाचे जहाज तेथे बुडवण्याचा प्रयत्न केला. जहाज ठरल्या जागी बुडाले नाही, त्यामुळे बंदर अडले नाही आणि हॉब्सन कैद झाले; मायदेशी मात्र ते राष्ट्रीय वीर ठरले. पुढे ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य व दारूबंदीचे आग्रही पुरस्कर्ते झाले. घराची राष्ट्रीय नोंद १९७३ ची असून ते अलाबामा हिस्टॉरिकल कमिशनकडे आहे. मागील बाजूस स्वयंपाकघर आणि गुलामांचे निवासस्थान टिकून आहे. मोठ्या घराच्या तुलनेत ते क्वचितच छायाचित्रात येते, परंतु अशी निवासस्थाने फारच थोडी उरली असल्याने अभ्यासकांच्या दृष्टीने त्याचे मोल कमी नाही.

काउंटीचा नैर्ऋत्य कोपरा ‘केनब्रेक’ म्हणून ओळखला जातो. वेळूसारख्या उंच देशी गवताची दाट बने पूर्वी येथे होती. ती तोडून कापसाचे मळे करण्यात आले. या भागातील मळेवाड्यांचा एकत्रित अभ्यास होऊन १९९० च्या दशकात त्यांच्या नोंदी झाल्या. प्रेरीव्हिलजवळील हॉथॉर्न आणि बर्म्युडा हिल ही त्यांतील घरे होत. या अभ्यासाच्या शीर्षकातच मळ्यांच्या घरांबरोबर त्यांच्या सोबतच्या जोडइमारतींचाही उल्लेख होता. स्वयंपाकघरे, कोठारे, धुराडी, गुलामांच्या खोल्या यांना मुख्य घराच्या बरोबरीने नोंदण्याकडे अभ्यासकांचा कल वळल्याची ती खूण आहे. १९७० च्या दशकातील नोंदींत हा कल इतका स्पष्ट नव्हता.

सेंट अँड्र्यूज चर्च

प्रेरीव्हिल येथील हे एपिस्कोपल पंथाचे छोटे चर्च १८५३–५४ मध्ये बांधले गेले आणि १९७३ मध्ये त्याला लँडमार्क दर्जा मिळाला. शैली ‘कार्पेंटर गॉथिक’ आहे. युरोपातील दगडी गॉथिक चर्चची रूपे लाकडात आणण्याचा प्रयत्न या शैलीत असतो. बाहेरील भिंतींना उभ्या फळ्या असून त्यांच्या सांध्यांवर अरुंद पट्ट्या ठोकल्या आहेत. खिडक्या टोकदार कमानीच्या, छप्पर तीव्र उताराचे आणि भिंतींना बाहेरून लाकडी आधार आहेत. लाकडी भिंतीला या आधारांची खरे तर गरज नसते. दगडी नमुन्याची आठवण म्हणून ते आले आहेत. न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार रिचर्ड अपजॉन यांनी १८५२ मध्ये ग्रामीण चर्चसाठी आराखड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले होते, आणि या चर्चवर त्यांच्या कामाचा प्रभाव दिसतो.

बांधकाम मात्र न्यूयॉर्कच्या कोणी केले नाही. मळेवाले हेन्री ए. टेलो यांच्या मालकीचे गुलाम असलेले पीटर ली आणि जो ग्लासगो हे दोघे मुख्य सुतार होते व त्यांच्या देखरेखीखाली इतर गुलामांनी ही वास्तू उभी केली. आतील लाकूडकामाला तंबाखूच्या देठांच्या काढ्याचा तपकिरी रंग देण्यात आला. रंग विकत आणण्याऐवजी शेतातल्या झाडापासून तो काढण्याची ही युक्ती दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली आहे.

दक्षिणेतील यादवीपूर्व वास्तूंपैकी बहुतांश वास्तू गुलामांनी बांधल्या, हे सर्वसाधारण विधान म्हणून मान्य आहे. पण कोणत्या माणसाने कोणती भिंत उभी केली, हे क्वचितच सांगता येते. मालकाच्या हिशेबवहीत कारागिराचे नाव आले तरी बहुधा आडनावाशिवाय येते. सेंट अँड्र्यूजच्या बाबतीत दोन पूर्ण नावे टिकली, म्हणून या चर्चचे महत्त्व त्याच्या शैलीपुरते राहत नाही. राष्ट्रीय नोंदवहीच्या नियमांनुसार धार्मिक वास्तू केवळ धार्मिक कारणाने पात्र ठरत नाही. तिचे महत्त्व कला, वास्तुकला किंवा इतिहास यांत असावे लागते. येथे वास्तुकलेचा आधार घेतला गेला, आणि त्या वास्तुकलेचे कर्ते म्हणून ली व ग्लासगो यांची नावे अधिकृत कागदावर आली.

रोझनवाल्ड शाळा

काउंटीतील इमारतींचा सर्वांत नंतर दखल घेतला गेलेला गट म्हणजे ग्रामीण शाळा. टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन आणि ‘सिअर्स, रोबक’ या कंपनीचे अध्यक्ष ज्यूलियस रोझनवाल्ड यांच्या सहकार्यातून दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्याची योजना १९१० च्या दशकात अलाबामातच सुरू झाली. १९३२ पर्यंत १५ राज्यांत शाळा, शिक्षकांची घरे व कार्यशाळा मिळून ५,३०० हून अधिक इमारती उभ्या राहिल्या. योजनेची अट अशी होती की रोझनवाल्ड यांच्या देणगीबरोबर स्थानिक कृष्णवर्णीय समाजानेही आपला वाटा उचलावा आणि सरकारी शाळाखात्यानेही भर घालावी. समाजाचा वाटा रोख रकमेत, जमिनीत, लाकडात किंवा अंगमेहनतीत असे. एकूण हिशेबात कृष्णवर्णीय समाजाने दिलेली रक्कम रोझनवाल्ड यांच्या देणगीपेक्षा किंचित अधिकच भरली. हे लोक सरकारी शाळांसाठी करही भरत होते, म्हणजे एकाच शिक्षणाचे मोल त्यांना दोनदा मोजावे लागले.

सीडरव्हिलजवळील एमरी शाळा १९१५ च्या सुमारास, म्हणजे योजनेच्या पहिल्या टप्प्यात बांधली गेली. प्रेरीव्हिलजवळील ओक ग्रोव्ह शाळा १९२० च्या दशकातील आहे. दोन्हींची राष्ट्रीय नोंद १९९८ मध्ये, राज्यातील रोझनवाल्ड शाळांच्या एकत्रित प्रस्तावाद्वारे झाली. आरंभीचे आराखडे टस्कीगी येथे रॉबर्ट आर. टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. टेलर हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होते. वीज नसल्याने प्रकाशाचा विचार आराखड्यात सर्वप्रथम करावा लागे. उंच खिडक्या एका ओळीत लावून वर्गात एकाच बाजूने उजेड येईल, मुलांच्या हाताची सावली वहीवर पडणार नाही आणि शक्यतो पूर्व-पश्चिम प्रकाश मिळेल, अशी दक्षता घेतली जाई. दोन वर्गांमधील भिंत सरकवता येई, कारण संध्याकाळी हीच खोली गावाच्या सभेसाठी वापरायची असे.

शाळांतील वंशभेद १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घटनाबाह्य ठरला आणि पुढील दीड दशकात या शाळा एकामागून एक बंद झाल्या. काही विकल्या गेल्या, काहींची कोठारे झाली, बहुतेक कोसळल्या. २००२ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेने रोझनवाल्ड शाळांना देशातील सर्वाधिक धोक्यातील ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घातले. टिकलेल्या शाळांच्या मागे बहुधा जवळचे चर्च किंवा माजी विद्यार्थ्यांचा गट असतो.

सेफ हाउस

ग्रीन्सबरोच्या डेपो वस्तीत ‘सेफ हाउस ब्लॅक हिस्टरी म्युझियम’ आहे. २१ मार्च १९६८ च्या रात्री, कु क्लक्स क्लॅनच्या हल्ल्याच्या भीतीने मार्टिन ल्यूथर किंग यांना येथील एका साध्या घरात लपवून ठेवण्यात आले होते. ते तेव्हा ‘गरिबांच्या मोहिमे’साठी लोक जमवत फिरत होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ एप्रिल रोजी, मेम्फिस येथे त्यांची हत्या झाली. नागरी हक्क चळवळीतील स्थानिक कार्यकर्त्या थेरेसा बरोज यांच्या पुढाकाराने त्या घराचे संग्रहालय झाले. ते ‘शॉटगन हाउस’ या प्रकारात मोडते: रस्त्याकडे अरुंद दर्शनी बाजू आणि एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही. दक्षिणेतील कष्टकरी वस्त्यांत हा प्रकार सर्वत्र दिसत असे. वास्तुकलेच्या निकषावर अशा घराला कोणी निवडले नसते. ते टिकले ते एका रात्रीमुळे आणि ती रात्र विसरू न देणाऱ्या शेजाऱ्यांमुळे.

नोंदीबाहेरील वास्तू

हेल काउंटीतील जगभर पाहिल्या गेलेल्या इमारती नोंदवहीत नाहीत, कारण त्या उभ्याच नाहीत. १९३६ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्युन’ नियतकालिकासाठी लेखक जेम्स एजी व छायाचित्रकार वॉकर एव्हन्स हे अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्या तीन श्वेतवर्णीय कुटुंबांकडे येथे काही आठवडे राहिले. नियतकालिकाने लेख छापला नाही. १९४१ मध्ये तो ‘लेट अस नाऊ प्रेझ फेमस मेन’ या पुस्तकाच्या रूपाने आला. एव्हन्स यांच्या छायाचित्रांतील रंग न दिलेल्या फळ्यांच्या भिंती, भिंतीवर टांगलेले चमचे आणि ओसरीवरील पाट्या महामंदीच्या चित्रणाचा मानदंड ठरल्या. कापूस-वेचणीची यंत्रे आल्यावर कुळांची गरज उरली नाही, माणसे शहरांकडे गेली आणि शेते कुरणांत व पुढे मांगूर-वर्गीय कॅटफिशच्या तळ्यांत बदलली. रिकामी घरे पावसाने व वाळवीने संपवली. कृष्णवर्णीय कुळांची घरे संख्येने अधिक होती आणि त्यांची तर छायाचित्रेही तुलनेने थोडी आहेत.

या वास्तूंची वेगळ्या प्रकारची नोंद विल्यम क्रिस्टेनबेरी यांनी ठेवली. १९३६ मध्येच टस्कलूसा येथे जन्मलेल्या या कलावंताचे आजोळ-घराणे हेल काउंटीतील होते. वॉशिंग्टन येथे अध्यापन करीत असताना ते दर उन्हाळ्यात येथे परतत आणि त्याच त्या इमारतींची छायाचित्रे घेत: न्यूबर्न येथील हिरवे कोठार, जंगलातील लाल पत्र्याची एकाकी इमारत, हवाना येथील हस्तसामुद्रिकाचे दुकान. शेवटची इमारत मुळात त्यांच्या नात्यातील व्यक्तीचे किराणा दुकान होते. नंतर तेथे हात पाहणाऱ्यांनी बस्तान मांडले आणि ते निघून गेल्यावर फुटलेल्या खिडकीतून पाऊस येऊ नये म्हणून त्यांचीच हाताच्या चित्राची पाटी उलटी करून बसवली गेली. वर्षानुवर्षांच्या छायाचित्रांत वेली चढताना, छप्पर वाकताना आणि शेवटी मोकळी जागा उरलेली दिसते. १९७३ मध्ये वॉकर एव्हन्सही त्यांच्यासोबत हेल काउंटीत पुन्हा आले होते. क्रिस्टेनबेरी यांनी यांतील काही इमारतींच्या लहान प्रतिकृती लाकूड, पत्रा व येथून नेलेली तांबडी माती वापरून बनवल्या. त्यांचे निधन २०१६ मध्ये झाले.

न्यूबर्न येथेच १९९३ मध्ये सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ यांनी ऑबर्न विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाची ‘रूरल स्टुडिओ’ ही शाखा सुरू केली. तिचे विद्यार्थी काउंटीतील गरजू कुटुंबांसाठी कमी खर्चाची घरे आणि सार्वजनिक इमारती बांधतात. न्यूबर्नमधील जुन्या बँकेच्या विटांच्या इमारतीचे त्यांनी गावाच्या वाचनालयात रूपांतर केले असून सेफ हाउस संग्रहालयाच्या विस्ताराचे कामही याच शाखेने केले आहे.